एम्ब्लेमा वन: पाटीवर शोभणारा तिरका स्टेन्सिल

रिकार्दो दे फ्रांचेस्की या डिझायनरचा एम्ब्लेमा वन हा रोमन अक्षरांचा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. जाड, चांगलाच तिरका आणि रेघांमध्ये स्टेन्सिलच्या, म्हणजे रंग मारायच्या कापीव साच्यात असतात तशा, फटी. वजन एकच, शैली एकच. जर्सी, गॅरेजची पाटी, जिमचा लोगो अशा ठिकाणी दोन-तीन शब्द टाकले की काम झालं. परिच्छेदासाठी मात्र नाव काढू नका.

या फॉन्टचा जीव त्या फटींत आहे आणि वेबवर नेमक्या त्याच बुजतात. एच-वन, म्हणजे पानाच्या मुख्य शीर्षकाला ब्राउझर आपणहून बोल्ड लावतो. फाइल फक्त ४०० म्हणजे साध्या वजनाची, म्हणून तो कडा फुगवून खोटं बोल्ड बनवतो. फटी चिंचोळ्या होतात, लहान आकारात गायबच. तिरकेपणाचंही तेच. फाइलमध्ये ही शैली ‘रेग्युलर’ म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे इटॅलिक लागलं की आधीच कललेलं अक्षर आणखी आडवं होतं. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-वेट ४००, फॉन्ट-स्टाइल नॉर्मल आणि फॉन्ट-सिंथेसिस नन (खोटं बोल्ड-इटॅलिक बंद) असं स्पष्ट लिहा. ३२ पिक्सेलच्या खाली आम्ही तरी हा वापरणार नाही. शेवटच्या अक्षराचा वरचा कोपरा चौकटीबाहेर जाऊन कापला जात असेल, तर उजवीकडे ०.१५ एम (अक्षराच्या आकाराच्या ०.१५ पट) पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा द्या.

प्रत्यक्ष साचा कापायचा असेल तर आधी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ (बाह्यरेषा) करून सगळ्यात अरुंद फट मोजा. हीच फट साच्यात न कापलेल्या शीटचा पूल होते. पूल निदान शीटच्या जाडीइतका हवा. १०० मिमी उंचीला फट २ मिमी भरली आणि ॲक्रिलिक ३ मिमीचं असेल, तर अक्षर १५० मिमीचं करा. बारीक पूल स्प्रे मारताना उचलला जातो आणि रंग खाली झिरपतो. इंग्रजी ‘ए’, ‘ओ’, ‘आठ’ यांच्या पोटात तुटलेलं बेट, म्हणजे सगळीकडून सुटलेला तुकडा, राहत नाही ना, तेही पाहून घ्या. व्हिनाइल स्टिकरचं गणित उलटं: एका अक्षराचे अनेक सुटे तुकडे होतात, म्हणून ट्रान्स्फर टेपशिवाय (तुकडे जागच्या जागी धरून उचलणाऱ्या चिकटपट्टीशिवाय) चिकटवायला जाऊ नका.

परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे धंद्याच्या कामालाही चालतो. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. तोच फॉन्ट कुणीही उतरवून घेऊ शकतो, तेव्हा लोगोत एखादं अक्षर तरी हाताने बदला.

देवनागरी यात नाही. दोन भाषांच्या पाटीसाठी मुक्ता या देवनागरी फॉन्टचं एक्स्ट्राबोल्ड वजन सरळच ठेवून शेजारी लावा. मुक्ताला ओढून तिरकं केलं की काने कलंडतात आणि वेलांट्या बेढब दिसतात. मुक्तालाच फटी पाडून जोडी जुळवायची हौस असेल तर शिरोरेखेचा विचार आधी करा: ‘प’, ‘म’, ‘स’ यांची पोटं ती वरून बंद करते, त्यामुळे रोमनपेक्षा कितीतरी जास्त पूल लागतात.