‘पर्सनल ब्रँडिंग’च्या पॅकेजमध्ये माझं पेजच गेलं

नागपुरात लग्नाचे फोटो काढणारे, मेकअप करणारे, मेहंदी काढणारे, डेकोरेशनवाले अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. ‘पर्सनल ब्रँडिंग’चं पॅकेज विकायला एजन्सीची मुलं सध्या स्टुडिओ-स्टुडिओ फिरताहेत. ज्यांनी मला फसवलं त्यांचं नाव इथे घेत नाही, तक्रार पोलिसांत आहे. पण ते काम कसं करतात हे सगळ्यांना कळायलाच हवं.

आमच्या धंद्यात पूर्वी एका लग्नातून दुसरं लग्न मिळायचं. आता मुलीकडचे आधी इन्स्टा आयडी मागतात, मग भाव विचारतात. खिंडसीला केलेलं प्री-वेडिंग शूट चांगलं झालं असेल, तरी रील चाललं नाही तर ते कोणाला दिसत नाही. एजन्सीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. माझ्याकडे आलेला मुलगा लॅपटॉप उघडून बसला, माझेच फोटो मला दाखवले आणि म्हणाला, “भाऊ, काम एक नंबर आहे तुमचं, पण लोकायले दिसून नाही राहिलं.” ४५ हजारांत तीन गोष्टी मिळणार होत्या: भरपूर फॉलोअर्स, ब्लू टिक, आणि नागपुरातला फोटोग्राफर गूगलवर शोधला की पहिलं नाव माझं.

यातली ब्लू टिक कोणतीही एजन्सी ‘मिळवून’ देऊ शकत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिची ‘मेटा व्हेरिफाइड’ ही पैसे भरून टिक घ्यायची सोय २०२३ पासून भारतात सुरू आहे. आपल्याच अ‍ॅपमधून सरकारी ओळखपत्र दाखवून, महिन्याचे पैसे थेट कंपनीला भरून ती टिक घेता येते. सुरुवातीला मोबाइलवर त्याचे महिन्याला ६९९ रुपये लागायचे. गूगलवर पहिला नंबर देण्याची हमी तर कोणालाच देता येत नाही. आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, ते काढून देण्याचे पैसे कशाचे?

खरी चोरी झाली ती पुढच्या पायरीवर. “जाहिराती चालवायला अ‍ॅक्सेस लागते” असं सांगून त्यांनी माझ्या फेसबुक पेजवर एक रिक्वेस्ट पाठवली. दिसायला अगदी साधी. ती मंजूर केली आणि पेज त्यांच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेजेस आणि जाहिराती सांभाळायच्या मेटाच्या खात्यात (पूर्वीचं बिझनेस मॅनेजर), मालकीसकट गेलं. हा फरक नीट समजून घ्या. एजन्सीला काम करू द्यायचं असेल तर आपल्या पोर्टफोलिओतून त्यांना ‘पार्टनर’ म्हणून मोजकी परवानगी देता येते, आणि पेज आपलंच राहतं. पण त्यांच्या पोर्टफोलिओत पेज ‘अ‍ॅड’ झालं की मालक ते होतात. एक पेज एका वेळी एकाच पोर्टफोलिओच्या मालकीचं असतं. इन्स्टाग्रामचा पासवर्ड ‘पोस्ट शेड्यूल करायला’ म्हणून घेतला आणि त्यावरचा ईमेल बदलला. गूगल प्रोफाइलवरही स्वतःला मालक करून घेतलं.

फॉलोअर्स आले. उघडून बघितले तर फोटो नाही, पोस्ट नाही, नावं कुठल्या देशातली तेही कळेना. त्याआधी माझी रील्स वर्धा, भंडारा, काटोलपर्यंतचे लोक बघायचे, नवरीच्या मैत्रिणी एकमेकींना पाठवायच्या. विकतचे फॉलोअर्स काही बघत नाहीत, सेव्ह करत नाहीत, त्यामुळे पोस्ट पुढे सरकतच नाही. आकडा फुगला आणि चौकश्या आटल्या.

चौकश्या आटण्याचं खरं कारण मात्र काटोलच्या एका काकांमुळे कळलं. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा फोन आला: “काहून भाऊ, आमाले नाही म्हणता अन् दुसऱ्याचं नाव देता? तुमचा माणूस तर म्हणे तारीख बुक आहे, दुसरा फोटोग्राफर पाठवतो.” माझ्याकडे असा माणूसच नाही. गूगलवर माझं नाव शोधलं. फोटो माझे, रिव्ह्यू माझ्या गिऱ्हाइकांचे, आणि ‘कॉल’च्या बटणामागे नंबर त्यांचा. माझ्या नावावर येणारी लग्नं ते दुसऱ्यांना विकत होते. काकांनी ओळखीपोटी फोन केला म्हणून कळलं. बाकी किती जण “हा माणूस आता माजला” असं समजून गेले असतील, त्याचा राग अजून जात नाही.

जाब विचारला तर “रिन्यूअल बाकी आहे, ते क्लिअर करा, मग पेज सोडतो” हे उत्तर. मी पैसे दिले नाहीत. त्याच संध्याकाळी फेसबुक पेजवरून मला काढून टाकलं.

गूगलचं प्रोफाइल परत मिळालं. तिथे मालकीची मागणी टाकता येते आणि सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. दुकानाचा परवाना, वीजबिल, पाटीचा फोटो असे पुरावे जवळ ठेवा. इन्स्टाग्राम सेल्फी व्हिडिओने ओळख पटवल्यावर आलं, त्यावर माझे स्वतःचे फोटो होते म्हणून. फेसबुक पेज अजून त्यांच्याकडेच आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर बँक देते तो व्यवहार क्रमांक) जपून ठेवा. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. अर्जात ते कलम लिहा.

एजन्सी लावायचीच असेल तर जाहिरातीचं खातं आपल्या नावाने उघडा आणि कार्ड आपलं जोडा, म्हणजे जाहिरातीवर किती खर्च झाला ते आपल्याला दिसतं. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही आपल्याच ईमेलवर घ्या. आणि हे वाचून झालं की दुसऱ्याच्या मोबाइलवरून गूगलवर आपलं दुकान शोधा, कॉलचं बटण दाबा, आणि फोन कोण उचलतं ते बघा.