गोष्ट लिहायला कुठला कॅट घ्यावा: रायडर-वेट की मार्सेय

टॅरो, म्हणजे ज्यावर लोक भविष्य बघतात तो चित्रांच्या पत्त्यांचा कॅट, घ्यायचाय तो गोष्टी सुचायला, भविष्य बघायला नाही, एवढं ज्यांचं ठरलंय आणि गाडी फक्त रायडर-वेट की मार्सेय, या त्याच्या दोन प्रकारांतला कुठला, इथे अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेजर-मायनर, म्हणजे मोठी आणि छोटी पानं, ही काय भानगड, पानं किती, हे तुम्हाला माहीत असणारच, ते परत सांगत बसत नाही. मी दोन्ही वापरलेत, दोन्ही कॅट अजून घरात आहेत, दोन्हीवरून निघालेल्या गोष्टी दिवाळी अंकांत छापून आल्यात (परतही आल्यात, पण त्यात पत्त्यांचा काय दोष).

मोबाईलवरचं ॲप मी यात धरतच नाही. पान नीट बघायच्या आधीच खाली अर्थ येतो, ‘नवी सुरुवात, धाडस’ वगैरे, आणि एकदा तो वाचला की डोकं तिथून हलत नाही. डब्यासोबत येणारी पुस्तिकासुद्धा मी त्याच कारणासाठी कपाटावर टाकून दिलीय.

आधी रायडर-वेटचं कौतुक, कारण ते खरंच आहे. 1909 साली लंडनमध्ये निघालेला हा कॅट, नाव प्रकाशक रायडरचं आणि तो रचणाऱ्या वेटचं, पण चित्रं सगळी पामेला कोलमन स्मिथची, आणि तिने एका पत्रात लिहून ठेवलंय की काम फार मोठं आणि पैसे फार थोडे. ही बाई नाटकाच्या नेपथ्यात, पोशाखात वावरलेली होती आणि ते पानांवर दिसतं असं मला वाटतं. कितीतरी पानांत माणूस पुढे सपाट पट्टीवर उभा आणि डोंगर-नदी-गाव मागे टांगल्यासारखं, आपल्याकडे जत्रेच्या नाटकाला रंगवलेला पडदा सोडतात अगदी तसं. आणि मुख्य म्हणजे तिने छोट्या, म्हणजे आकड्यांच्या, पानांवरसुद्धा प्रसंग काढले. त्याआधी छोट्या पानांवर प्रसंग असलेला जुना कॅट म्हणजे इटलीतला पंधराव्या शतकातला सोला-बुस्का, त्याचे फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये होते आणि ते तिने पाहिले असणार असं जाणकार मानतात. लिहिणाऱ्यासाठी ही केवढी सोय आहे! कुठलंही पान ओढा, कोणीतरी काहीतरी करताना सापडतंच.

उदाहरणार्थ तलवारींची छक्की. होडी, मागे उभा राहून ती ढकलणारा नावाडी, पुढे डोक्यावरून कापड ओढून घेतलेली बाई आणि तिला चिकटून पोर, तिघांचीही पाठ आपल्याकडे. सहा तलवारी होडीतच टोकावर उभ्या रोवलेल्या. होडीच्या एका बाजूला पाण्यावर लाटा, दुसऱ्या बाजूला पाणी एकदम शांत. हे पान घेऊन मी आमच्या गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर एक गोष्ट लिहिली, नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई, फेरीत स्कूटरवाल्यांची गर्दी, ओळखीचा माणूस विचारतो ‘खंय गो?’ आणि ती नुसती हसते. त्या तलवारी काढल्या तर होडीत पाणी शिरेल, म्हणून त्या तशाच घेऊन जायच्या, हे मला त्या पानाने दिलं, मला एकट्याला सुचलं नसतं.

आता त्रास. मी लिहायला बसतो सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, आतल्या खोलीत पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा लावला की पानं उडतात. आणि सोप्यावर बसलं म्हणजे येणारा-जाणारा थांबणारच. रायडर-वेटची पानं मांडलेली दिसली की कोणालाही लांबूनसुद्धा कळतं हे काय आहे ते, किनारपट्टीकडे हणजूण-हरमलला शॅकच्या बाहेर हेच चित्र असलेले बोर्ड लागलेले असतात. मग सुरू. ‘भाई, आमच्या चल्याचें काम जातलें काय ना तें मात्शें पळय’ (आमच्या मुलाचं काम होईल की नाही ते जरा बघ). मी सांगतो की हे गोष्टीसाठी आहे. मी सांगतो की मुळात हा उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ, ती मोठी पानं म्हणजे हुकमाची पानं, आणि हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे असं एका फ्रेंच माणसाने 1781 साली छापलं तिथून भविष्याचं खूळ वाढलं. सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘तें आसूं, पूण पळय मरे’ (ते असू दे, पण बघ ना रे). नाही बघितलं तर वाईट काहीतरी दिसलं म्हणून लपवतोय असा समज.

हे नुसतं लोकांपुरतं असतं तर सोसलं असतं, दार लावून बसलो असतो. पण हळूहळू माझाच हात बिघडला. मांडलेल्या पानांत मनोरा निघाला, वीज पडतेय, माणसं खाली कोसळतायत, आणि समोर शेजारीण बसलेली, तर मी ते पान काहीही न बोलता खाली सरकवायला लागलो. मग ती गेल्यावरही सरकवायला लागलो. गोष्टीतल्या माणसाच्या वाट्याला वाईट आलंच पाहिजे, नाहीतर लिहायचं काय? आणि इथे मी त्याला चांगली पानं वाटत बसलेलो. एका दिवाळी अंकासाठीची गोष्ट तर अशी गुळगुळीत झाली की संपादकांनी फोन करून विचारलं, यात कोणाचं काही बिनसतच नाही का हो. रायडर-वेटच्या चित्रात निकाल आधीच दिलेला असतो, शुभ की अशुभ ते चेहऱ्यावरूनच कळतं, आणि तो एकदा दिसला की त्याच्याशी भांडत लिहावं लागतं, निदान मला तरी.

मार्सेयला हा त्रास जवळजवळ नाही. आजचे बरेचसे मार्सेय कॅट ज्या निकोला कोनव्हेच्या पानांवरून काढलेत ती 1760 ची, आणि तो माणूस लोकांना खेळायला पत्ते विकत होता. छोट्या पानांवर नुसत्या काठ्या, पेले, तलवारी, नाणी, जेवढा आकडा तेवढी, मध्ये वेलबुट्टी. सोप्यावर मांडली तर लोक विचारतात रमी का, आणि पुढे जातात. मोठी पानं मात्र मी आतच ठेवतो, कारण तेराव्या पानावर हाडांचा सापळा विळा घेऊन उभा आहे आणि त्या पानाला नावसुद्धा छापलेलं नाही, ते बाहेर दिसलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पण नुसत्या सात नाण्यांवरून गोष्ट कशी सुचणार, हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला खरंच काही सुचत नाही, पान बघून जांभई येते. रायडर-वेटमध्ये याच सत्तीवर एक शेतकरी कुदळीवर रेलून झुडपाला लागलेल्या नाण्यांकडे बघत उभा आहे, आणि मी जेव्हा जेव्हा हे पान ओढलं तेव्हा माझा माणूस कुळागरात पोफळींकडे बघत उभाच राहिला, नाव बदललं तरी उभा तोच. मार्सेयमध्ये सात नाणी. सात कसली? मी नाणी म्हणजे जमीन-जुमला धरतो. मग सात काजूची झाडं, हद्दीवरची, दोन भावांच्या मध्ये, पंचनाम्यात कोणी सहा लिहिलीत आणि प्रत्यक्षात उभी आहेत सात. आता ते सातवं झाड कोणी लावलं, तलाठ्याच्या समोर कोण काय बोललं, म्हातारी आईला खरं माहीत आहे पण ती का सांगत नाही, हे सगळं माझं मलाच शोधावं लागलं, आणि ते शोधताना माणसंही आपल्याकडचीच आली.

एक गोष्ट कबूल, राजा-राणी-स्वार-गुलाम यांच्या बाबतीत मार्सेय जरा कोरडा आहे, सगळे पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. पात्रं शोधायची असतील तर स्मिथबाईंची तेवढी पानं वेगळी काढून वापरायला हरकत नाही, मी अजून वापरतो.

मग सावंतवाडीची गंजिफा का नको, असं कोणीतरी विचारणारच, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीवरून गेलं तर ती तर अगदी जवळ. दशावतारी संच, 120 गोल पानं, प्रत्येक अवताराची बारा, त्यात एक राजा आणि एक प्रधान. देखणी आहे, हाताने रंगवलेली. मी आणलीसुद्धा. पण त्यावर देव आहेत म्हणून आईने ती उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि आता गोष्टीतल्या दारुड्यासाठी त्यातून पान ओढायला मागायचं म्हणजे पंचाईत.

आषाढात दोन्ही कॅट फुगतात, पिसताना चिकटतात, त्यात डावं-उजवं काही नाही, टाल्कम पावडर लावायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.

तर एकटे राहत असाल, खोलीला दार असेल, आणि कोऱ्या कागदाची धास्ती वाटत असेल तर रायडर-वेट घ्या, लगेच हात चालू होईल, कदाचित तुम्हाला माझ्यासारखा त्रास होणारही नाही. घरात माणसं असतील आणि मनोरा निघाला तर तो मनोराच राहू द्यायचा असेल तर मी आपला मार्सेयच म्हणेन, फक्त पहिल्या गोष्टीला वेळ लागेल तो द्यावा लागतो. ऑनलाईन मागवताना एवढं बघा की नुसत्या मोठ्या बावीस पानांचे मार्सेय कॅटही विकायला असतात, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, आणि तुम्हाला लागणार आहेत ती छोटी पानं त्यात नसतात.