मांजराच्या हनुवटीवरचे काळे ठिपके आणि क्लोरहेक्सिडीनचे वाइप्स

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हल्ली क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात भिजवलेले वाइप्स (ओले पुसणे) डबीतून मिळतात. आमच्या बोक्याच्या हनुवटीवर काळे ठिपके दिसू लागल्यावर पशुवैद्यांनी तपासून हेच वाइप्स सुचवले आणि तेव्हापासून ते घरात नियमित वापरात आहेत. डबीवरचा मजकूर वाचून जी अपेक्षा निर्माण होते आणि वाइप्स प्रत्यक्षात जे काम करतात, या दोहोंत बरेच अंतर आहे. ते अंतर ठाऊक असेल तर वस्तू चांगली आहे. नसेल तर पंधरवड्यातच पैसे पाण्यात गेले असे वाटू लागेल.

मांजराच्या हनुवटीच्या आणि खालच्या ओठाच्या कातडीत तेलग्रंथी दाटीने असतात. केसाच्या मुळाशी केराटिन (केस आणि कातडीचा वरचा थर ज्याचा बनतो ते कठीण प्रथिन) आणि तेल साचून छिद्राचे तोंड बुजले की तिथे काळ्या टोकाची बारीक गुठळी धरते. सुरुवातीला मांजराला याचा काहीच त्रास नसतो, त्यामुळे हनुवटीला माती किंवा खाणे लागले असावे असे समजून आपणही दुर्लक्ष करतो. पिसवांची विष्ठाही अशीच काळ्या कणांसारखी दिसते. ओल्या पांढऱ्या कापसावर ते कण घेऊन दाबले आणि भोवती तांबूस-तपकिरी रंग उतरला, तर तो पिसवांचा प्रकार समजावा, कारण त्या विष्ठेत पचलेले रक्त असते. हनुवटीच्या गुठळ्यांतून असा रंग सुटत नाही.

या वाइप्समध्ये क्लोरहेक्सिडीनचे प्रमाण 3 टक्के आहे. ते कातडीला चिकटून राहते आणि पुसून झाल्यानंतरही काही काळ जिवाणूंना आणि यीस्टला रोखून धरते. छिद्रात घट्ट बसलेली केराटिनची गुठळी मात्र ते विरघळवत नाही. डबीवर ‘हनुवटी स्वच्छ’ असे ठसठशीत छापलेले असल्याने काळे ठिपके पुसून निघतील असे वाटते, पण वाइपवर फक्त पिवळसर तेलकट डाग उतरतो आणि ठिपके बराच काळ जागच्या जागी दिसत राहतात. फरक पडतो तो दुसरीकडे: त्या ठिपक्यांचे लाल, पू भरलेले फोड होत नाहीत. मला विचाराल तर खरे मोल त्यातच आहे आणि उत्पादकाने तेच सांगायला हवे होते.

वापरण्याची रीतही डबीवर अर्धवटच दिली आहे. आधी कोमट पाण्यात पिळलेला मऊ कपडा काही मिनिटे हनुवटीला लावून धरावा, म्हणजे साचलेले तेल सैल होते. नंतर केसांच्या दिशेने हलक्या हाताने वाइप फिरवावा आणि हनुवटी न पुसता आपोआप वाळू द्यावी. त्याआधी साबण लावू नये, कारण साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडीन निष्प्रभ होते. डोळ्यांना याचा स्पर्श होता कामा नये. मांजराला मांडीवर पाठमोरे बसवून मागून हनुवटी उचलली तर ते फारशी कुरकुर करत नाही; समोरून हात नेला की आमचा बोका पंजा उगारतोच. वाळेपर्यंत त्याला खेळवत ठेवावे लागते, नाहीतर औषध जिभेवाटे पोटात जाते. आरंभी एक दिवसाआड आणि कातडी निवळल्यावर आठवड्यातून दोनदा, हे आम्हाला सांगितलेले प्रमाण. आपल्या मांजरासाठी ते पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. कातडी लाल झाली किंवा मांजर सारखे खाजवू लागले तर वापर थांबवावा.

हनुवटी सुजली असेल, दाबल्यावर मांजर कळवळत असेल, रक्त किंवा पू येत असेल, तर वाइप्सच्या भरवशावर दिवस घालवू नयेत. तिथे प्रतिजैविकाची गरज असू शकते. शिवाय गजकर्ण, कातडीतले सूक्ष्म किडे आणि अ‍ॅलर्जीमुळे येणारी हनुवटीची सूज वरवर अशीच दिसते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय किंवा बुरशीची तपासणी केल्याशिवाय निदान पक्के होत नाही आणि गजकर्ण तर घरातल्या माणसांनाही होतो. मेडिकलमधून आणलेली माणसांची मुरुमाची क्रीम लावण्याचा मोह टाळावा. त्यांतले बेंझॉइल पेरॉक्साइड मांजराच्या नाजूक कातडीला बहुधा फार तीव्र ठरते. टी ट्री तेल मांजरांसाठी विषारी आहे आणि नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वाइप्समध्ये नेमके तेच असते, तेव्हा घटकांची यादी वाचूनच डबी उचलावी. गुठळ्या नखाने दाबून काढणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. त्या आतल्या आत फुटून संसर्ग खोल जातो.

प्लॅस्टिकच्या भांड्यामुळे हा विकार होतो असे सर्रास सांगितले जाते, पण त्याचा भक्कम पुरावा नाही. तरीही ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये तेल आणि जंतू तग धरतात, हे खरे आहे. स्टीलची उथळ ताटली आपल्या घरात असतेच. ती रोज घासायची आणि पाण्याचे भांडेही तसेच, एवढ्याने काही बिघडत नाही. उकडलेल्या मासळीचा चुरा खाऊन झाल्यावर हनुवटीच्या केसांत तो अडकून राहतो, म्हणून आम्ही त्या दिवशी ओल्या कपड्याने तेवढी जागा पुसून घेतो. वाइप त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नाही.

डबीची किंमत 500 रुपयांच्या आसपास आहे आणि झाकण मात्र त्या किमतीला शोभणारे नाही. ते नीट बसत नसल्याने वरचे वाइप्स कोरडे पडतात. डबी उलटी ठेवली की द्रव वरच्या थराकडे येतो आणि ही तक्रार बरीचशी मिटते. हनुवटीला अर्धा वाइप पुरतो, म्हणून तो स्वच्छ कात्रीने कापून उरलेला लगेच डबीत टाकावा आणि घरी एकच मांजर असेल तर मोठी डबी घेऊ नये.