दोनचाकी ट्रॉली की चारचाकी?

रावेर-यावल पट्ट्यातील केळी असो वा धरणगावकडील कापूस, ट्रॅक्टरमागे जोडलेली ट्रॉली रस्त्यावर कशी वागेल हे प्रामुख्याने तिच्या चाकांच्या रचनेवर ठरते. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड वाढते. मात्र हा भार मर्यादेबाहेर गेला तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंगला दाद देत नाहीत, आणि माल एक्सलच्या मागे रचला तर हूक वर उचलला जाऊन ट्रॉली झोले खाऊ लागते. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतः पेलते, म्हणून लांबच्या सपाट रस्त्यावर ती अधिक स्थिर वाटते. मागे घेणे मात्र कठीण.

खरा धोका उतारावर आहे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर दोन्ही प्रकारांत ती ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि चारचाकीत भार जास्त असल्याने हा रेटाही मोठा असतो. म्हणून चाळीसगावहून कन्नड घाटासारख्या चढ-उतारावर जायचे असल्यास ब्रेक नसलेल्या, भरगच्च चारचाकीपेक्षा बेताने भरलेली दोनचाकी मी निःसंशय पसंत करीन. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पेडल खिटीने जोडलेले असावेत, कारण एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. ट्रॉली हुकाला जोडणाऱ्या पिनेला लॉक, जोडीला सुरक्षा साखळी आणि मागे स्वच्छ रिफ्लेक्टर दोन्ही ट्रॉलींना सारखेच आवश्यक आहेत.