आयसीयू मुलाखतीचे तयार प्रश्नसंच: आकडे पक्के, अलार्म कच्चे

आयसीयूच्या नर्सिंग पोस्टसाठी तयारी करणाऱ्यांपुढे साधारण तीन प्रकारचं साहित्य असतं: पीडीएफ किंवा छापील प्रश्नोत्तर संच, मोबाइलवर उलटवायची कार्डं आणि पैसे घेऊन होणारी सराव-मुलाखत. हे परीक्षण मुख्यतः संचांचं आहे. कारण सगळ्यात जास्त तेच वापरले जातात आणि 'तयारी झाली' असा खोटा दिलासाही तेच देतात.

आधी जमेची बाजू. नॉर्मल व्हॅल्यूज पाठ करायला बरे संच खरंच उपयोगी आहेत. एबीजीत (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. श्वासनळीतल्या ट्यूबचं कफ प्रेशर (तिच्या फुग्यातला दाब) २० ते ३० सेंमी पाणी. युरिन तासाला किलोमागे निदान ०.५ मिली, सेडेशनसाठी (गुंगी मोजायला) रासचा स्केल उणे ५ ते अधिक ४. हे विचारल्यावर अडखळून चालत नाही, आणि संच हातात असेल तर अडखळायला होतही नाही.

पण पॅनलवरची इनचार्ज सिस्टर आकड्यावर थांबत नाही. पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट २५ असा रिपोर्ट पुढे ठेवला की संचातलं उत्तर येतं: 'रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस.' बरोबर आहे, श्वास अपुरा पडून रक्त आम्लधर्मी झालंय. पुढचा प्रश्न असतो, 'मग?' इथे बहुतेक संचांचं पान संपलेलं असतं. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे का? असेल तर सेट केलेला रेट आणि प्रत्यक्ष मिळणारा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किती, सर्किटला लीक आहे का, ट्यूबमध्ये स्राव साठलेत का? स्वतः श्वास घेत असेल तर तो किती जागा आहे, मिनिटाला किती श्वास घेतोय, शेवटचं सेडेशन किंवा ओपिऑइड कधी दिलं? हे बघून डॉक्टरांना काय कळवणार, इथपर्यंत बोलता आलं तरच उत्तर पुरं झालं.

सगळ्यात मोठी उणीव अलार्मच्या प्रकरणात दिसते. 'हाय प्रेशर अलार्मची कारणं सांगा' याखाली आठ-दहा कारणांची यादी असते. ती चुकीची नसते, पण तिला क्रम नसतो आणि पॅनलला क्रमच ऐकायचा असतो. नजर आधी पेशंटकडे, मग मशीनकडे. छाती दोन्ही बाजूंनी हलतेय का, पेशंट ट्यूब चावतोय का, सर्किट कुठे दुमडलंय किंवा त्यात पाणी साठलंय का, ओठांपाशी ट्यूबचा आकडा सरकलाय का? सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पडतंय आणि कारण लगेच सापडत नाही, तर मदतीला हाक मारायची, व्हेंटिलेटर काढायचा आणि १०० टक्के ऑक्सिजनवर अँबूने (हाताने दाबायच्या बॅगने) श्वास द्यायचा. बॅग सहज दाबली गेली आणि सॅच्युरेशन सावरलं, तर दोष मशीन किंवा सर्किटमध्ये. बॅग घट्ट लागली, तर ट्यूबमध्ये किंवा छातीत. मग सक्शन कॅथेटर घालून बघायचा; तो पुढे जात नसेल तर ट्यूब ब्लॉक झाली आहे किंवा चावली जातेय. तो जातोय पण एका बाजूला हवा ऐकू येत नाही, तर ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (श्वासनळीच्या उजव्या फांदीत) सरकली असेल किंवा न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) असेल. जास्त पीपवरच्या (पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेला दाब) एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसं गंभीर बिघडलेल्या, पेशंटचं सर्किट काढलं की उघडलेलं फुफ्फुस पुन्हा मिटतं, म्हणून अँबूला पीप व्हॉल्व्ह लावायचा. एवढं सांगणारा उमेदवार पॅनलच्या लक्षात राहतो. हे सगळं एका पानात मावतं, तरी बहुतेक संचांत ते सापडत नाही, याचं नवल वाटतं.

सक्शनवरचा भाग मात्र सहसा बरा असतो. आधी ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन, एका वेळेला १५ सेकंदांच्या आत काम, कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड नको (८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच). दर वेळी सलाईन सोडायला सांगणारा संच जुना समजावा.

आता ड्रिपची गणितं. सूत्र सगळीकडे छापलेलं असतं: मायक्रोग्रॅममधला डोस गुणिले वजन गुणिले ६०, भागिले एका मिलीतले मायक्रोग्रॅम. अनेक संच सोडवलेल्या उदाहरणात कॉन्सन्ट्रेशन गृहीत धरून मोकळे होतात, आणि गोंधळ तिथेच होतो. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ५० मिलीत ४ मिग्रॅ भरलं असेल तर मिलीत ८० मायक्रोग्रॅम, म्हणून पंप तासाला ४.५ मिलीवर. तेच ८ मिग्रॅ भरलं असेल तर २.२५ वर. म्हणजे 'साडेचार' हे पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या सिरिंजला दुप्पट डोस ठरतं. शिवाय २ मिग्रॅ टार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस, त्यामुळे लेबलवरचा आकडा कशाचा आहे हेही वाचावं लागतं. मुलाखतीत उत्तराआधी 'सिरिंजमध्ये किती भरलंय?' असं उलट विचारलंत, तर निम्मे गुण तिथेच पडतात.

याच विषयातला दुसरा आवडता प्रश्न सिरिंज बदलण्याचा. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून जुनी सिरिंज संपायच्या आत नवी भरून तयार हवी, आणि बदलताना नजर आर्टेरियल लाइनच्या (धमनीत घातलेल्या नळीच्या) बीपीवर हवी. लाइनच्या त्याच ल्यूमेनमधून (मार्गातून) दुसरं औषध ढकललं, तर लाइनमधलं नॉरअ‍ॅड्रेनलिन एकदम आत जाऊन बीपी उसळतं. हे वाक्य किती संचांत आहे ते शोधून बघावं.

आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा भाग) कुठे ठेवायचा याबद्दल संचात 'चौथी इंटरकोस्टल स्पेस, मिड-अ‍ॅक्सिलरी लाइन' अशी व्याख्या असते, परिणाम नसतो. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली राहिला तर बीपी साधारण ७ मिमीने जास्त दिसतं. मॉनिटरवर मॅप (धमनीतला सरासरी दाब) ६६ दिसतोय म्हणून सगळे निवांत, आणि खरा आकडा ५९. कॉट वर-खाली केल्यावर ट्रान्सड्यूसर पुन्हा का जुळवायचा, याचं उत्तर या आकड्यात आहे.

संच घेण्याआधी तो किती शिळा आहे हे तपासायला चार जागा पुरतात. 'किडनीसाठी डोपामिनचा रीनल डोस' दिला असेल, तर मजकूर पंचवीसेक वर्षं मागचा आहे. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने बीपी कोसळल्यावर) सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२ हे उद्दिष्ट दिलं असेल, तर तेही मागे पडलं आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या सूचनांत भर मॅप ६५, लॅक्टेट, पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली क्रिस्टलॉइड (सलाईनसारखा द्रव) आणि शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक यांवर आहे. कल्चर आधी घ्यायचे, पण त्यापायी अँटिबायोटिक रखडवायचं नाही. 'व्हासोप्रेसर (बीपी वाढवणारी औषधं) फक्त सेंट्रल लाइनमधूनच' हेही त्याच सूचनांनी सैल केलं: सेंट्रल लाइनची वाट बघत बसण्यापेक्षा हाताच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ सुरू करता येतं, फक्त ती जागा सतत बघावी लागते. चौथी जागा व्हॅपची (व्हेंटिलेटरवर असताना होणाऱ्या न्यूमोनियाची). क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसणं सक्तीचं लिहिलं असेल, तर २०२२ च्या अमेरिकी शिफारशी लेखकाने वाचलेल्या नाहीत. त्यांत भर ब्रशने दात घासण्यावर आहे आणि क्लोरहेक्सिडिन नको असं म्हटलं आहे. मुलाखतीत मात्र पुढे एवढं जोडावं की वॉर्डचा प्रोटोकॉल काय आहे ते बघून काम करेन.

'डॉक्टरांची ऑर्डर चुकीची वाटली तर?' या प्रश्नाला संचांतली उत्तरं गुळमुळीत असतात: 'नम्रपणे लक्षात आणून देईन.' पॅनलला ठोस हवं असतं. समजा पोटॅशियम क्लोराइड ४० मिलिइक्विव्हॅलंट लगेच पुश करायची ऑर्डर आली. देणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायचं. मग एसबार (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस या क्रमाने सांगणं): 'सर, अमुक बेडचा पेशंट, पोटॅशियम २.८, ईसीजीत अधूनमधून एक्टॉपिक्स (अवेळी ठोके) आहेत. थेट पुशने हृदय थांबण्याचा धोका आहे. सेंट्रल लाइन आहे, मॉनिटर लावून पंपावर तासाला २० च्या आत देऊ का?' लाइन पेरिफेरल असेल तर हाच वेग तासाला १०. ऐकलं नाही तर सीनियरला फोन, आणि वेळेसकट नोंद.

कार्डांबद्दल थोडक्यात: डोस आणि स्केल घोकायला संचापेक्षा सरस, पण मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅमची अदलाबदल त्यांत आढळते, म्हणून प्रत्येक डोस औषधाच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावा.

सराव-मुलाखतीचा दर्जा एका गोष्टीवर ठरतो: समोरचा माणूस उत्तर मधे तोडून परिस्थिती बदलतो की नाही. 'बीपी सावरलं, पण आता युरिन थांबली' असं तो म्हणत नसेल, तर ती नुसती संचाची उजळणी. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: घेणाऱ्याने आयसीयूत ड्यूटी केली आहे का, प्रश्न केसवर असतील का, रेकॉर्डिंग मिळेल का. फ्रेशरला 'माहीत नाही' म्हणायला शिकवणारी सेवा मिळाली तर तीच घ्यावी. 'हे मी केलेलं नाही. सीनियरला बोलावेन, तोवर ऑक्सिजन, मॉनिटर आणि लाइन बघेन' हे उत्तर चालतं. न केलेल्या सीआरआरटीच्या (सलग चालणाऱ्या डायलिसिसच्या) गप्पा दुसऱ्याच प्रश्नाला उघड्या पडतात, कारण तो प्रश्न हमखास फिल्टर गोठल्यावर काय केलंत असा असतो.