जांघ की मनगट?

अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी तार घालून फुग्याने उघडणं, ठरली की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात पहिला वाद स्टेंटच्या, म्हणजे धमनीत बसवायच्या जाळीच्या, कंपनीवरून होतो. मी त्या टेबलावर दोनदा झोपून आलोय, २०१३ मध्ये जांघेतून आणि २०२१ मध्ये मनगटातून. माझ्यापुरता तरी स्टेंटपेक्षा तार कुठून घातली यानेच जास्त फरक पडला.

भाच्याने मध्येच चुंबकाचं खूळ काढलं होतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोठे चुंबक, तारेच्या टोकाला इवलासा चुंबक, आणि डॉक्टर बाहेर कॉम्प्युटरवर बसून ते टोक वळवणार. ऐकायला झकास. पण त्याचा वापर जास्त करून हृदयाचे ठोके बिघडलेल्यांसाठी होतो. साधं ब्लॉकेज अनुभवी हात तसंही पार करतो. आणि चुंबक असला तरी तार आत शिरते ती जांघेतून नाहीतर मनगटातूनच.

टेबलावर जांघ सरस, हे कबूल. तिथली धमनी जाड. १९७७ मध्ये झुरिचला डॉ. ग्रुंटझिग यांनी पहिला फुगा फुगवला तो याच वाटेने. मनगटातून प्लास्टी व्हायला १९९२ उजाडलं. ती वाट अरुंद, मध्येच आकसते. माझी आकसलीच. कोपरापर्यंत कुणी ओला टॉवेल पिळावा तशी कळ आली. औषध सोडल्यावर सैल झाली, पण ती दोन मिनिटं लांबच लांब होती.

खरा हिशेब नंतरचा. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ, सहा तास उठायचं नाही. त्यात डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) आणि सलाईन पोटात उतरलेलं. वॉर्डबॉय भांडं देऊन, पडदा ओढून गेला. अठ्ठावन्न वर्षं उभ्याने केलेली गोष्ट आडवं पडून काही होईना. बायकोने बेसिनचा नळ सोडून पाहिला. समोरच्या खाटेवरचे काका म्हणाले, "मनात गंगा आणा." गंगा आली नाही, पोट मात्र टम्म फुगलं. रात्री दहाला शेवटी नळी घालावी लागली. छातीचं काही आठवत नाही, ती नळी आठवते.

दुसऱ्या वेळी मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने सिरिंजने हवा काढायच्या. तासाभरात मी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाऊन आलो आणि डाव्या हाताने खिचडी खाल्ली, निम्मी चादरीवर. मनगट आठवडाभर जांभळं होतं, स्कूटर बंद. मांडवीपर्यंत चालत.

मनगटाची धमनी हाडावर असल्याने दाबायला सोपी, म्हणून रक्तस्रावाचा धोकाही कमी. कधी ती नंतर बंद पडते, पण पंजाला दुसरी धमनी असते. डॉक्टर बहुधा ती आधी तपासतात. किडनी अशक्त असेल आणि पुढे डायलिसिस लागण्यासारखं असेल, तर मात्र त्यासाठी मनगट राखून ठेवलेलं बरं. कुणाची धमनी मुळातच बारीक असते. तेव्हा शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. आपण आदल्या दिवशी "हातातून जमेल का?" एवढं विचारावं. माझ्या पहिल्या वेळी मी विचारलंच नव्हतं.

जांघच ठरली, तर आदल्या रात्री घरच्या पलंगावर आडवं पडून भांड्याचा सराव करून बघा. हसू नका.