४० लिटरची सॅक, काही महिन्यांच्या वापरानंतर: कापड टिकले, चेन टिकली नाही

परदेशातील लांबच्या, एकटीने करायच्या प्रवासासाठी घेतलेल्या या सॅकविषयी आज लिहीत आहे, ते तिच्या मुख्य चेनचा रनर, म्हणजे चेन उघडबंद करताना ओढायचा सरकता भाग, भर प्रवासात निकामी झाला म्हणून. सॅकची मापे, खिसे आणि रंग यांची उजळणी करत नाही. एवढेच नोंदवते की रिकाम्या सॅकचे वजन १.३ किलो आहे. अनेक विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोचीच मर्यादा घालतात, म्हणजे त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा सॅकच खाते. मजबुतीसाठी एवढे वजन सोसायला माझी हरकत नव्हती, आणि कापडापुरती ती मजबुती खरीही ठरली. माहितीपत्रकात ठळकपणे छापलेले ४२० डेनियरचे नायलॉन, म्हणजे ज्याच्या ९००० मीटर धाग्याचे वजन ४२० ग्रॅम भरते ते कापड, बसच्या टपावर आणि खडबडीत फरशीवर घासूनही कुठे विरलेले नाही. चेनचा क्रमांक मात्र त्या माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही. तो रनरच्या पाठीवर कोरलेला असतो, आणि या सॅकच्या रनरवर तो ५ आहे.

हा क्रमांक ढोबळमानाने बंद चेनच्या दात्यांची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. ५ क्रमांकाची चेन लहान पिशवीला किंवा बाहेरच्या खिशाला पुरते, पण तीन बाजूंनी फिरून सगळा भार आवरून धरणाऱ्या मुख्य चेनसाठी ८ किंवा १० क्रमांकच हवा. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन, म्हणजे जिचे दाते नायलॉनच्या तारेच्या वेटोळ्यांचेच असतात ती, बिघडते तेव्हा बहुधा दाते शाबूत असतात आणि झिजलेला असतो तो रनर. वाळूचे कण आणि सततचा ताण यांनी त्याच्या आतली फट रुंदावत जाते, मग तो चेनवरून सरकतो खरा, पण त्याच्या मागे दाते जुळत नाहीत. माझ्या सॅकमध्ये हे प्रथम वरच्या कोपऱ्यावर घडले, कारण तिथे चेन जवळजवळ काटकोनात वळते आणि रनरवर आडवा ताण सर्वांत जास्त येतो.

मोजके सामान नेणाऱ्याच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर ठरतो. तीन टी-शर्ट आणि दोन विजारी एवढ्यावर निघालेल्या माणसाला रोज काही ना काही धुवावे, वाळवावे आणि पुन्हा आत भरावे लागते, त्यामुळे सॅक दिवसातून कितीतरी वेळा उघडली जाते. शिवाय तीच एकमेव बॅग असल्यामुळे ती कायम गच्च भरलेली असते. त्यात एकट्याचा प्रवास असेल, तर चेन उघडी पडल्यावर सामानावर नजर ठेवायला सोबत दुसरे कोणी नसते. आठ जणांच्या खोलीत सगळा संसार एका दोरीने बांधून झोपावे लागले, तेव्हाचा संताप अजून उतरलेला नाही.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत मला या सॅकचे सुटकेससारखे पूर्ण उघडणे सर्वांत जास्त आवडले होते, आणि वरून दोरीने आवळायच्या जुन्या पद्धतीच्या सॅक मला गैरसोयीच्या वाटत होत्या. आता माझे मत बदलले आहे. पूर्ण उघडण्याची सोय खरी आहे, पण तिची सगळी किंमत चेन चुकवते, आणि दोरी तुटली तर कोणतीही दुसरी दोरी चालते. इथे तर रचनेनेच चेनचे हाल केले आहेत: सामान दाबून धरणारे बाजूचे पट्टे चेनच्या वरून जातात, त्यामुळे दर वेळी उघडताना ते सोडावे लागतात आणि घाईत पुन्हा आवळले जात नाहीत. मग जो दाब पट्ट्यांनी घ्यायचा तो चेनवर येतो.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगते. हमी आजीवन आहे, परंतु ‘नेहमीच्या वापरातील झीज’ तिच्यात बसत नाही, आणि तपासणी हवी असल्यास सॅक रिकामी करून, धुऊन, स्वखर्चाने खरेदीच्या देशात पाठवायची. जिचे सगळे सामान त्याच सॅकमध्ये आहे, तिने ती रिकामी करून कशात भरावे, याला उत्तर मिळाले नाही. योग्य मापाचा एक रनर पाकिटातून पाठवा, ही माझी विनंतीही नाकारण्यात आली. प्रवासी सॅक विकणाऱ्या कंपनीकडून हे मला अक्षम्य वाटते.

अखेरीस पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलकेच आणि सारख्या दाबल्या. त्यावर काही दिवस निभावले, पण हा उपाय तात्पुरताच, कारण जास्त दाबल्यास रनर तडकतो. पुढच्या मुक्कामी एका चर्मकाराने टोकाची शिवण उसवून, त्याच क्रमांकाचा नवा रनर ओवून, टोक पुन्हा शिवून दिले. संपूर्ण चेन बदलण्याची गरजच नव्हती. तेव्हापासून मी आधी पट्टे आवळते आणि मगच चेन ओढते, कोपऱ्यावर रनर दोन्ही हातांनी वळवते, आणि धुळीच्या वाटेनंतर दाते जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासते. चेन पुन्हा नीट चालते आहे.

बाकीच्या गोष्टींबद्दल फारशी तक्रार नाही. कंबरपट्टा पातळ असला तरी ७ किलोपर्यंतचा भार खांद्यांवरून कमरेवर नीट उतरवतो. पॉवर बँकसाठी वरचा वेगळा खिसा फार उपयोगी आहे, कारण दारातच बॅग विमानाच्या पोटात पाठवायची वेळ आली, तर लिथियमची बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवावी लागते आणि ती एका क्षणात हाती येते.

सॅक मी वापरत राहणार आहे, कारण एवढे चांगले कापड टाकून देणे मला पटत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी मात्र दुकानातच रनर उलटा करून पाहावा, आणि तिथे ५ दिसल्यास त्याच मापाचे दोन जादा रनर प्रवासाआधीच घेऊन ठेवावेत. दोन्हींचे मिळून वजन काही ग्रॅमच भरते.